३६०, ३०० आणि २०६ : माणसाची हाडे मोजण्यामागचा इतिहास

प्रौढ माणसाच्या सांगाड्यात २०६ हाडे असतात, हे शाळेत एका ओळीत शिकवले जाते. चरकसंहितेत हा आकडा ३६० आहे आणि सुश्रुतसंहितेत ३००. या फरकाची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे जुन्यांनी शरीर उघडून पाहिलेच नव्हते. दुसरे म्हणजे त्यांनी लहान मुलांची हाडे मोजली आणि मुलांना हाडे जास्त असतात. दोन्ही उत्तरे मूळ याद्या न वाचता दिलेली आहेत. याद्या एकेक अवयव घेऊन वाचल्या की आकडा कशावर ठरतो ते स्पष्ट दिसते : एक हाड कशाला म्हणायचे, देह कोणत्या वयाचा होता आणि हाडे मांसापासून कशी सोडवली.

३६० हा आकडा वैद्यांच्याही आधीचा आहे. शतपथ ब्राह्मणात वर्षाच्या ३६० रात्री आणि माणसाची ३६० हाडे अशी सांगड घातलेली आहे. ३६० दिवसांसाठी मज्जेचे ३६० भाग आहेत. तिथे हाडे मोजण्याचा उद्देशच नाही, वर्ष आणि पुरुष यांची जुळणी दाखवायची आहे. तोच आकडा याज्ञवल्क्य स्मृतीत यादीसह येतो आणि चरकाच्या शारीरस्थानातही. सुश्रुत मात्र सरळ सांगतो की वेद मानणारे ३६० म्हणतात, शल्यतंत्रात म्हणजे शस्त्रक्रियेच्या शास्त्रात तीनशेच. आपला आकडा परंपरेपेक्षा वेगळा आहे याची त्याला पुरती जाणीव होती.

चरकाची यादी

छापील पाठांत तपशील थोडे इकडेतिकडे होतात, पण चरकाच्या यादीची घडण पक्की आहे. दात ३२, दातांची उखळे म्हणजे खळगे ३२, नखे २०. हे ८४ आज कोणीही हाडांत धरणार नाही. बोटांची पेरे ६० : वीस बोटे, प्रत्येकी तीन. प्रत्यक्षात हाताच्या आणि पायाच्या अंगठ्याला दोनच पेरे असतात, म्हणून खरी संख्या ५६. तळहात आणि तळपायाच्या वीस शलाका म्हणजे लांबट हाडे चरकाने वेगळ्या धरल्या आहेत, त्यामुळे चार पेरे निव्वळ जास्तीची आली. ही गफलत फक्त इथली नव्हे. रोमन काळातला ग्रीक वैद्य गॅलेनही अंगठ्याला तीन पेरे धरत असे, मात्र त्याने तळहाताची हाडे चारच मोजल्यामुळे त्याची बेरीज बिघडली नाही. या गोंधळाला शरीरातच आधार आहे. तळहाताच्या बाकीच्या चार हाडांची वाढीची चकती बोटाकडच्या टोकाला असते, तर अंगठ्याच्या हाडाची मनगटाकडच्या टोकाला, अगदी पेराला असते तशी.

सर्वांत मोठी भर बरगड्यांची आहे. बरगड्या २४, त्यांची स्थालके २४ आणि स्थालकार्बुदे २४, एकूण ७२. म्हणजे बरगडी, तिचा सांध्याचा खळगा आणि उंचवटा ही तीन वेगवेगळी हाडे झाली. सुश्रुतानेही एका कुशीला ३६ असाच हिशेब ठेवला आहे. कोवळ्या वयात याला थोडा आधार सापडतो, कारण बरगडीच्या डोक्यावर आणि उंचवट्यावर वयात येताना हाडाचे छोटे स्वतंत्र ठिपके तयार होतात आणि विशीच्या सुमारास ते मूळ हाडाला जुळतात. पण अकराव्या आणि बाराव्या बरगडीला तो उंचवटा बहुधा नसतोच. तरीही ३६ पुरे भरतात, म्हणजे हा आकडा बारा गुणिले तीन असा गुणाकाराने आलेला आहे. पाहणी कुठे झाली आणि हिशेब कुठून सुरू झाला, ते इथे बोट ठेवून दाखवता येते.

सुश्रुताने काय बदलले

सुश्रुताचे ३०० असे पडतात : हातापायांत १२०, धडात ११७, मानेपासून वर ६३. हाताला किंवा पायाला ३०. पायाचे पाहा : बोटांची १५, तळ, कूर्च (छोट्या हाडांचा जुडगा) आणि घोटा मिळून १०, टाच १, पोटरीच्या भागात २, गुडघा १, मांडी १. आजच्या मोजणीत खुबा सोडून एका पायात ३० हाडे येतात : पेरे १४, तळपायाची ५, टाच-घोट्याच्या भागातली ७, नडगीची २, वाटी १, मांडी १. बेरीज तंतोतंत जुळते, वाटणीत फक्त अंगठ्याचे एक पेर इकडचे तिकडे झालेले आहे. नखे आणि दातांची उखळे त्याने काढून टाकली, दात ठेवले. हाडांचे पाच प्रकारही पाडले : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. दात रुचकात येतात, तर नाक-कानाची कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड, तरुणात. कूर्चेला हाड धरल्यामुळेही आकडा वाढला.

आता लहान मुलांचा मुद्दा. दोन वर्षांखालच्या मुलांना पुरत असत, म्हणून वैद्यांच्या हाती त्यांचेच देह लागले असावेत, असा तर्क केला जातो. मुलांची हाडे जास्त, हे खरे आहे. जन्मतः सुटे भाग पावणेतीनशे ते तीनशेच्या घरात असतात. पण मांडीचे हाड घेऊन हा तर्क तपासता येतो. साधारण चौदा वर्षांच्या मुलाचे मांडीचे हाड कूर्चा सडून गेल्यावर पाच तुकड्यांत सुटते : मधली नळी, वरचे गोल डोके, मोठा उंचवटा, छोटा उंचवटा आणि गुडघ्याकडचे टोक. सुश्रुत मांडीत एकच हाड सांगतो. नडगीच्या दोन हाडांचेही तसेच. पोराच्या सांगाड्यावरून मोजणी झाली असती तर हातापायांतला आकडा १२० वर थांबला नसता. शिवाय ३२ दात तान्ह्या मुलात मिळत नाहीत. म्हणून निदान हातापायांपुरती ही यादी वाढ पुरी झालेल्या देहाची आहे, असे माझे ठाम मत आहे. धडाचा भाग वेगळा. तिथे आकडे परंपरेतून उचललेले दिसतात.

नदी, पिंजरा आणि कुंचा

देह तपासण्याची सुश्रुताची कृती प्रसिद्ध आहे, पण ती बारकाईने क्वचितच वाचली जाते. देह सर्वांगाने पूर्ण हवा. विषाने मेलेला, दीर्घ आजाराने खंगलेला किंवा शंभरी गाठलेला नको. आतडी आणि मळ काढून टाकायचा. अंगाला मुंज गवत, झाडाची साल, कुश किंवा ताग यांपैकी कशाने तरी गुंडाळायचे, पिंजऱ्यात ठेवून नदीत बांधायचे आणि आडजागी कुजू द्यायचे. सात रात्रींनी बाहेर काढून वाळा, केस, बांबू किंवा बल्वज गवत यांच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आत एकेक भाग डोळ्यांनी पाहायचा.

या कृतीत सुरी नाही. म्हणून ती कच्ची ठरवली जाते, पण ती काय देऊ शकते आणि काय नाही हे पाहणे जास्त उपयोगाचे आहे. पाण्यात जंतू मऊ ऊतक खातात. आजही संग्रहालयासाठी हाडे साफ करताना कोमट पाणी, साधारण ३५ ते ४० अंश, वापरतात, कारण त्या तापमानात जंतू जोमाने वाढतात. नदीचे पाणी थंड, त्यात सातच दिवस. एवढ्यात कातडी सुटते, चरबी आणि स्नायू लिबलिबीत होतात. अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, मात्र कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे दाट विणलेले असतात आणि सर्वांत शेवटी सुटतात. याचा परिणाम याद्यांत दिसतो. मनगटात आठ छोटी हाडे असतात, एकमेकांना आखूड, घट्ट अस्थिबंधांनी जखडलेली. कुंच्याने घासून ती सुटी होत नाहीत, एक गठ्ठा हाती येतो. चरकाने मनगटाला ‘मणिक’ म्हणून दोन्ही हातांची मिळून दोनच हाडे धरली आहेत. कानातली सहा हाडे तर दोन्ही याद्यांत नाहीतच. ती कानशिलाच्या हाडातल्या सर्वांत कठीण भागाआड असतात. कवटी फोडल्याशिवाय दिसत नाहीत.

याउलट अस्थिबंध शाबूत राहत असल्यामुळे ते पाहण्याची संधी भरपूर होती आणि सुश्रुताने ती घेतली. त्याने ९०० स्नायू सांगितले. इथे स्नायू म्हणजे आजचे अस्थिबंध आणि मांस हाडाला जोडणाऱ्या कंडरांसारखे तंतुमय बंध. मांसल स्नायूंना तो पेशी म्हणतो आणि त्या ५०० धरतो. सांधे २१०, आठ आकारांचे. फळ्या अनेक बंधांनी बांधलेली नाव जशी पाण्यात भार पेलते, तसे सांधे या बंधांच्या जोरावर देहाचा भार पेलतात, असे तो लिहितो. पुढे बजावतो की हाडे, पेशी, शिरा किंवा सांधे यांच्या इजेपेक्षा स्नायूंची इजा देहाला जास्त जायबंदी करते. मोडलेले हाड नव्या हाडाने भरून येते, पण तुटलेला अस्थिबंध व्रणाच्या ऊतकाने जोडला जातो आणि ते ऊतक मूळच्या इतके बळकट होत नाही. घोटा मुरगळलेल्या खेळाडूला वर्षभराने तोच घोटा पुन्हा दगा देतो तो यामुळे.

जबडा एक की दोन

पश्चिमेकडे आकड्यापेक्षा आकाराचा वाद मोठा होता. गॅलेनचे वर्णन बरेचसे माकडांवर आधारलेले होते आणि त्याच्या मते खालचा जबडा दोन हाडांचा. सुश्रुतही हनुवटीत दोनच धरतो. जन्मतः खालचा जबडा खरोखर दोन भागांचा असतो, पण पहिल्या वर्ष-दीड वर्षात मधली फट जुळून जाते. इजिप्तमध्ये १२०१च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला. तेव्हा अब्द अल-लतीफ अल-बगदादी या वैद्याने प्रेतांच्या ढिगांत दोन हजारांवर कवट्या पाहिल्या आणि जबडा एकच असल्याचे लिहून ठेवले. युरोपात ते कोणी वाचले नाही. १५४३ मध्ये वेसालिअस या युरोपीय शरीररचनाकाराने आपल्या ग्रंथात तेच पुन्हा मांडले आणि छातीच्या मधल्या हाडाचे गॅलेनने सांगितलेले सात भाग प्रौढ माणसात तीनच असतात हेही दाखवले.

वेसालिअसने हाडे साफ करण्याच्या जुन्या पद्धतीची कृतीही दिली आहे : देहावर चुनकळी टाकायची आणि भोके पाडलेली पेटी वाहत्या पाण्यात ठेवायची. ती त्याला पसंत नव्हती, कारण काळे पडलेले अस्थिबंध हाडांची टोके झाकून टाकत. तो हाडे कढईत उकळत असे. साधारण ६० अंशांच्या वर कोलॅजेनचे तंतू आकसतात आणि पुढे जिलेटिन होऊन सुटतात. ज्या अस्थिबंधांवर नदीचे पाणी चालत नाही ते उकळीत काही तासांत निघतात. मनगटाची आठ आणि पायाची सात छोटी हाडे मग सुटी होतात आणि तारेत ओवता येतात. त्याने १५४३ मध्ये बासेलमध्ये जोडलेला सांगाडा आजही तिथल्या शरीररचना संग्रहालयात आहे. उकळण्याची अडचण ही की वेळ जास्त झाला तर हाडाच्या आतलेही कोलॅजेन निघते आणि नाकातली पातळ हाडे भुगा होतात. कानातले तिसरे हाड, रिकीब, इंग्रासिआ या इटालियन वैद्याने १५४६ मध्ये ओळखले.

२०६ हा आकडा त्यानंतरही बराच काळ ठरलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत २०० हाडे सापडतात, कारण कानातली सहा धरलेली नसत. आजची वाटणी अशी : कवटी २२, कान ६, जिभेखालचे हाड १, कणा २६, बरगड्या २४, छातीचे हाड १, हात ६४, पाय ६२. त्रिकास्थीचे, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडाचे, पाच मणके मिळून एक धरायचे, छातीच्या हाडाचे तीन भाग मिळून एक, गुडघ्याची वाटी धरायची, पण पायाच्या अंगठ्याखालचे दोन छोटे मणी सोडायचे, असे संकेत त्यामागे आहेत.

कलकत्ता ते मुंबई

भारतात या दोन परंपरा एका माणसात भेटल्या. मधुसूदन गुप्त हे वैद्य, कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात शिकवणारे. सुश्रुतसंहितेची पहिली छापील आवृत्ती त्यांनीच संपादित केली आणि १८३६ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजात मानवी देहाचे विच्छेदनही केले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. सुश्रुताचा डल्हणाच्या टीकेसह आज सर्वत्र वापरला जाणारा पाठ यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून काढला. १९०७ मध्ये रुडॉल्फ हर्नले यांनी ऑक्सफर्डहून छापलेल्या ग्रंथात चरक-सुश्रुतांच्या हाडांच्या याद्या एकेक शब्द तपासून पुन्हा बांधल्या. बनारसला शिकवणारे भास्कर गोविंद घाणेकर यांनी सुश्रुताच्या शारीरस्थानावर हिंदी टीका लिहून जुन्या संज्ञा आधुनिक शरीररचनेशी ताडून पाहिल्या.

देह मिळण्याची सोय कायद्याने झाली. १९४९च्या मुंबई शरीररचना कायद्याने बेवारस देह शिक्षणासाठी देण्याची तरतूद केली. सांगाड्यांचा मात्र मोठा व्यापार कलकत्त्यातून चाले. जगभरच्या महाविद्यालयांत तिथूनच सांगाडे जात. १९८५ मध्ये मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी आली आणि परदेशात प्लॅस्टिकचे सांगाडे रुळले. आपल्याकडे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी अजूनही हाडांचा ‘हाफ सेट’ म्हणजे अर्ध्या सांगाड्याचा संच घेतात. हातोहात फिरलेल्या अशा सेटमध्ये जिभेखालचे हाड आणि मनगटातले वाटाण्याएवढे हाड बहुधा हरवलेले असते आणि दोन वेगळ्या माणसांची हाडे एकत्र झालेली सर्रास आढळतात.

खऱ्या हाडांत जे दिसते ते एकाच साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकमध्ये दिसत नाही. पायाच्या धाकट्या बोटात तीनऐवजी दोनच पेरे असणे अगदी नेहमीचे आहे. मानेच्या सातव्या मणक्याला कधी जादा बरगडी असते. घोट्याच्या मागे एक सुटे हाड राहिलेले असते आणि एक्स-रेवर ते मोडल्यासारखे दिसते. त्याची कड चहूबाजूंनी गुळगुळीत पांढऱ्या रेषेची असेल तर ते जन्मजात सुटे राहिलेले, एक बाजू खरबरीत आणि रेषेशिवाय असेल तर मोडलेले, असा पहिला अंदाज घेतात. सर्वांत जपावे लागते ते कमरेत. पाचवा मणका त्रिकास्थीला चिकटलेला असेल किंवा त्रिकास्थीचा पहिला सुटा राहिला असेल, तर खालून वर मोजताना क्रमांक एकाने चुकतो आणि शस्त्रक्रिया भलत्याच मणक्यावर होऊ शकते. म्हणून शंका आली की फक्त कमरेच्या फिल्मवर भागवत नाहीत; पूर्ण कण्याचे चित्र मागवून मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून खाली एकेक मोजत येतात.