करडईच्या रानात बोरेज

करडईच्या तेलात साधारण पाऊण हिस्सा लिनोलेइक आम्लाचा असतो. शरीर त्यातून गॅमा-लिनोलेनिक आम्ल बनवतं, पण ही पायरी चालवणारं विकर (एन्झाइम) फार संथ. बोरेजच्या बियांत मात्र हे दुसरं आम्ल तयारच मिळतं, तेलाच्या २० टक्क्यांहून जास्त. इव्हिनिंग प्रिमरोजच्या तेलात ते ८ ते १० टक्के भरतं. म्हणूनच भूमध्य सागराकाठची बोरेज ही रानवनस्पती ब्रिटन, कॅनडात शेतात गेली.

मराठवाड्याच्या बांधावर तिचा एक भाऊबंद आहेच: छोटा कल्पा. खरखरीत केसाळ पानं, मान खाली घातलेलं फिकट निळं फूल. बोरेजचं फूल अधिक गडद निळं, पाच टोकदार पाकळ्यांचं, मधोमध काळ्या परागकोशांचा सुळका. कळी गुलाबी असते, उमलता उमलता निळी होते. बी घेताना सांभाळा. बोरेजलाही ‘गावजबान’ म्हणतात, पण युनानी दुकानात त्या नावाने बहुधा ओनोस्मा या वेगळ्याच वनस्पतीची पानं मिळतात. बोरेजचं बी काळपट, सुरकुतलेलं, चार-पाच मिलिमीटरचं असतं.

आपल्याकडे गुंठाभर करून पाहायचं तर रब्बीतच. मध्य ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा ही पेरणीची वेळ. दीड-दोन महिन्यांत फूल लागतं, म्हणजे बहर डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत येतो. उशीर केला तर दाणा भरायच्या वेळी फेब्रुवारी-मार्चचं ऊन गाठतं, फुलं करपतात, बी पोकळ राहतं.

काळ्या जमिनीत पाणी साचलं की मूळ कुजतं, त्यामुळे सपाट वाफा नको, सरी-वरंबा करा. गुंठ्याला क्विंटलभर कुजलेलं शेणखत पुरे. युरियाचा मोह टाळा. त्याने पाला माजतो, पोकळ खोड लोळतं आणि फुलणं लांबतं. रोपं तयार करून लावू नका, सोटमूळ दुखावलं की झाड खुरटतं. वरंब्यावर ४५ बाय ३० सेंटिमीटरवर, एक ते दीड सेंटिमीटर खोल, दोन-दोन बिया टोकायच्या. गुंठ्यात साडेसातशेच्या आसपास जागा होतात आणि हजार बियांचं वजन १५ ते २० ग्रॅम, तेव्हा ३० ग्रॅम बी भागतं. उगवण आठवडा-दहा दिवसांत. पापडी धरली तर हलक्या हाताने फोडा. चार पानांवर विरळणी करून एकेक रोप ठेवा. पाणी वाफसा पाहून, मुळाशी. दाट लागवडीत भुरी लवकर येते.

फुलोऱ्यावर आग्या, फुलोरी, सातेरी सगळ्या मधमाश्या येतात. मावा दिसला तरी बहरात कीटकनाशक मारू नका. माश्या गेल्या तर दाणाही गेला.

खरी कसोटी काढणीची. फुलोरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो आणि खालून वर उलगडत जातो. त्यामुळे एकाच फांदीवर तळाशी पिकलेलं बी, मधे हिरवं आणि टोकाला कळी. एका फुलातून जास्तीत जास्त चार दाणे धरतात, पिकले की आपोआप गळतात. गळालेल्या दाण्याच्या बुडाला तेलकट पांढरा ठिपका असतो, त्यासाठी मुंग्या तो ओढून नेतात. सगळं झाड वाळायची वाट पाहिली तर हाती पाचोळा येतो. तळाचे दाणे काळे पडून पहिले काही गळू लागले की कापणी करा, तीही पहाटे दव असताना. करडईसारखे इथेही हातमोजे हवेत, केस टोचतात. कापलेल्या फांद्या ताडपत्रीवर उलट्या पसरा, सावलीत वाळवा, मग झोडपून उफणा. हिरवे दाणे वेगळे काढा, त्यांना तेल कमी.

हे तेल फोडणीचं नव्हे. गॅमा-लिनोलेनिक आम्लात तीन दुहेरी बंध असल्याने उष्णतेने आणि उजेडाने ते लवकर खवट होतं. थंड दाबाने काढून गडद बाटलीत ठेवतात. इसबावर गुणकारी म्हणून त्याची फार जाहिरात झाली, पण अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात पोटातून घेतलेलं बोरेज तेल औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

पानांना काकडीचा वास येतो, युरोपात कोवळी पानं खातातही. आमचं मत: फुलं सजावटीला चार-दोन चालतील, पानांची भाजी करू नका. या कुळातल्या अनेक वनस्पतींत पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची विषारी द्रव्यं असतात. बोरेजच्या पानांत ती अल्प आहेत, पण वारंवार खाल्ल्यास यकृतावर घाव घालू शकतात. गरोदर बाई आणि यकृताचा रुग्ण यांनी तर दूरच राहावं. १९७४ च्या सुमारास वायव्य अफगाणिस्तानात याच कुळातल्या हेलियोट्रोप या तणाचं बी गव्हात मिसळलं आणि गावंच्या गावं यकृतविकाराने आजारी पडली. म्हणून बोरेजच्या रानात गळालेलं बी पुढच्या हंगामात उगवलं की गहू-हरभऱ्यातून ते फुलण्याआधीच उपटा. घाऊक खरेदीदार नक्की झाल्याशिवाय एका गुंठ्याचे दोन गुंठे करू नका.