स्टार्टर आणि ओपनर: पिचरच्या यादीत एकाच रकान्यात बसणारे दोघे

२०१८ सालचा टॅम्पा बे रेज या बेसबॉल संघाचा तक्ता उघडा. किती सामने सुरू केले, या रकान्यात ब्लेक स्नेलपुढे ३१ आहेत आणि राइन स्टॅनेकपुढे २९. बेसबॉल नुकताच बघायला लागलेल्याला वाटेल, दोघंही संघाचे मुख्य पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, एकाच तोलामोलाचे. शेजारी इनिंगचा रकाना आहे. तिथे स्नेलच्या १८०.२ आणि स्टॅनेकच्या ६६.१. (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने प्रत्येकी तीन आऊट होईपर्यंत बॅटिंग करतात, सामना अशा नऊ इनिंगचा. टिंबानंतरचा आकडा म्हणजे अर्धवट इनिंगमधले आऊट. १८०.२ म्हणजे १८० पूर्ण आणि वर दोन आऊट.) त्यातही स्टॅनेकच्या या सगळ्या इनिंग ५९ सामन्यांत मिळून झालेल्या, म्हणजे सामन्यामागे जेमतेम एक. स्नेल हा स्टार्टर. स्टॅनेक हा बहुतेक वेळा ओपनर.

पुढच्या मालिकेची पिचरची यादी जाहीर होते तेव्हा हा फरक कुठेच लिहिलेला नसतो. शुक्रवारी अमुक विरुद्ध तमुक, शनिवारी हा विरुद्ध तो, नावापुढे डावखुरा की उजवा, जय-पराजयाचा हिशेब आणि ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेले रन. एवढंच. यादी फक्त सामन्याचा पहिला चेंडू कोण टाकणार ते सांगते. सामना कोणाच्या भरवशावर खेळायचा आहे, हे तिच्यात नसतं, आणि लोक नेमकं तेच वाचायला जातात.

स्टार्टरचं काम सोपं सांगता येतं. संघात साधारण पाच जणांची पाळी लावलेली असते, त्याला रोटेशन म्हणतात. एकदा टाकलं की चार-पाच दिवस विश्रांती. नेहमीच्या हंगामातली मालिका बहुधा तीन सामन्यांची, त्यामुळे पाचांपैकी तिघेच तुमच्या वाट्याला येतात. एखाद्या संघाचा सर्वोत्तम पिचर आदल्याच दिवशी दुसऱ्या गावात टाकून आला असेल, तर या मालिकेत तो बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळताना दिसणार. स्टार्टरकडून पाच-सहा इनिंगची अपेक्षा असते, आणि नियमही त्याला तिथवर ढकलतो: सामना सुरू करणाऱ्याने पाच इनिंग पूर्ण केल्याशिवाय विजय त्याच्या नावावर लागत नाही.

ओपनर हा मुळात बुलपेनचा माणूस, म्हणजे एरवी सामन्याच्या उत्तरार्धात येऊन थोडकं पण जोरात टाकणारा. त्याला पहिल्या इनिंगला उभं करायचं, तीन-चार बॅटर काढून घ्यायचे आणि लगेच खाली बसवायचं. मग येतो तो खरा लांब पल्ल्याचा पिचर. या दुसऱ्याचं नाव बऱ्याचदा यादीत नसतंच. क्रिकेटवाल्यांना हे नाइट वॉचमनच्या जातीचं वाटेल: ज्याला जपायचं आहे त्याला वाईट वेळेला पुढे करायचं नाही.

पण पहिली इनिंग वाईट का? बॅटरचा क्रम सामन्याआधी ठरतो आणि पहिले तीन नक्की येणारच, अशी खात्रीची इनिंग फक्त पहिली. प्रत्येक संघ आपले चांगले बॅटर तिथेच लावतो. म्हणून सरासरीने सर्वाधिक रन निघतात ते पहिल्याच इनिंगमध्ये.

याच्या जोडीला दुसरा हिशेब आहे, आणि मला विचाराल तर खरी मेख तिथेच आहे. बॅटर एकाच पिचरला तिसऱ्यांदा भेटला की त्याची फटकेबाजी सुधारते. चेंडू कसा वळतो, हातातून कुठून सुटतो, हे तोवर डोळ्यात बसलेलं असतं. आता कागदावर मांडून बघा. स्टार्टरने पहिल्यापासून सुरुवात केली तर १८ बॅटर झाल्यावर एकोणिसावा येतो तो पुन्हा पहिल्या क्रमांकाचा, म्हणजे संघातले सर्वात धोकादायक लोक तिसऱ्यांदा समोर. पण पहिले तीन ओपनरने उरकले, तर लांब पल्ल्याचा पिचर चौथ्या क्रमांकापासून सुरू करतो. त्याचे १८ बॅटर संपतात तेव्हा पहिल्या तिघांनी त्याला दोनदाच पाहिलेलं असतं, आणि तिसऱ्यांदा येण्याच्या रांगेत पुढे चौथा उभा असतो. एकूण २१ बॅटर होऊन गेले आणि कोणीही एकाच पिचरला तिसऱ्यांदा भेटलेला नाही. हे सगळं साधतं एका इनिंगच्या अदलाबदलीने.

टॅम्पा बेचा मॅनेजर केव्हिन कॅश याने १९ मे २०१८ रोजी एंजल्सच्या मैदानावर हे करून दाखवलं. सर्जिओ रोमो तोपर्यंत मोठ्या लीगमध्ये कायम मागाहून येणारा पिचर, एकही सामना त्याने सुरू केला नव्हता. एंजल्सचे पहिले तिघे होते झॅक कोझार्ट, माइक ट्राउट आणि जस्टिन अपटन. तिघेही उजव्या हाताचे, आणि उजव्या बॅटरला उजवा पिचर साधारणपणे जास्त जाचतो. रोमो उजवा. त्याने तिघांनाही स्ट्राइकआऊट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, आणि दुसऱ्या इनिंगपासून डावखुरा रायन यार्ब्रो आला. दुसऱ्या दिवशीही रोमोच सुरुवातीला. एंजल्सच्या कोझार्टला हा प्रकार अजिबात रुचला नाही, पण नियमात बसत होता.

यार्ब्रोचा त्या वर्षीचा हिशेब बघण्यासारखा आहे: १६ विजय, ६ पराजय, १४७.१ इनिंग. आणि सुरू केलेले सामने फक्त ६. पाच इनिंगची अट सुरू करणाऱ्यालाच लागू असल्यामुळे ओपनरच्या वाट्याला विजय येणं अशक्य आणि मागून येणाऱ्या यार्ब्रोला तो सहज. त्याच संघात स्नेल २१ विजय, ५ पराजय आणि १.८९ ईआरए घेऊन साय यंग पुरस्कार, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान, जिंकला. म्हणजे ओपनर ही काही स्टार्टर संपवायची मोहीम नव्हती. ज्या दिवशी स्नेल आहे त्या दिवशी स्नेल. ज्या दिवशी कोणी तसा नाही त्या दिवशी जुगाड. टीकाकार हा भाग विसरतात. त्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे: पगार ठरवताना सुरू केलेले सामने मोजले जातात, आणि यार्ब्रोसारख्याचं काम त्या रकान्यात दिसतच नाही.

ओपनरपासून आणखी एक गोष्ट वेगळी काढायला हवी, ती म्हणजे शुद्ध फसवणूक. १९२४ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना. वॉशिंग्टनचा मॅनेजर बकी हॅरिस, समोर न्यूयॉर्क जायंट्सचा जॉन मॅग्रॉ. जायंट्सचा डावखुरा बॅटर बिल टेरी उजव्या पिचरना झोडपत होता, पण डावखुरा पिचर असला की मॅग्रॉ त्याला बसवायचा. हॅरिसने उजव्या कर्ली ऑग्डेनला सुरुवातीला पाठवलं, म्हणून टेरी संघात आला. ऑग्डेनने दोन बॅटरना टाकलं, एक स्ट्राइकआऊट, एक वॉक (चार वाईट चेंडूंवर बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस), आणि हॅरिसने डावखुरा जॉर्ज मॉग्रिज आणला. टेरीची एकही हिट झाली नाही. अखेर मॅग्रॉने त्याच्या जागी बदली बॅटर पाठवला, तर हॅरिसने लगेच पुन्हा उजवा पिचर आणला. वॉशिंग्टनने तो सामना बारा इनिंगमध्ये ४-३ असा जिंकला.

२०१८ मध्ये मिलवॉकीच्या क्रेग काउन्सलने डॉजर्सविरुद्ध हाच डाव टाकला. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना, यादीत नाव डावखुऱ्या वेड माइलीचं. त्याने कोडी बेलिंजरला वॉक दिला, आणि एका बॅटरनंतर उजवा ब्रँडन वूड्रफ आला. समोर क्लेटन कर्शॉ होता, डॉजर्स ५-२ ने जिंकले. चलाखीला नेहमी फळ येतंच असं नाही. पुढच्या सामन्याच्या यादीत पुन्हा माइली, आणि यावेळी तो खराखुरा स्टार्टर म्हणून पाचव्या इनिंगपर्यंत टिकला. एकाच मालिकेत, लागोपाठच्या दोन सामन्यांत, एकच नाव दोन अर्थांनी छापलं गेलं.

आज हे जमणार नाही. २०२० पासून पिचरने निदान तीन बॅटरना टाकलं पाहिजे किंवा ती अर्धी इनिंग संपवली पाहिजे. दुखापत किंवा आजारपणाचा अपवाद. ओपनरला या नियमाचा त्रास नाही, त्याचं काम तीन बॅटरचंच. ऑग्डेन-माइलीची वाट मात्र बंद झाली.

मग यादी वाचताना करायचं काय? इनिंगला सामन्यांनी भागा. पाचच्या पुढे आलं तर स्टार्टर. एक-दीडच्या आसपास आलं तर ओपनर, आणि मग त्याचा ईआरए बघून सामन्याचा अंदाज बांधू नका, कारण तो तिसऱ्या इनिंगला मैदानात नसेल. यादीत एका संघापुढे 'अजून ठरलेलं नाही' असं असेल तर बऱ्याचदा त्या दिवशी सगळं बुलपेनच मिळून ओढणार असतं. फसगत होते ती दुखापतीतून परतणाऱ्यांची. १६ जून २०२५ ला डॉजर्सचा शोहेइ ओहतानी, जो पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करतो, जवळपास दोन वर्षांनी पिचिंगला उतरला आणि एकच इनिंग टाकून थांबला. हिशेबाने ओपनर, पण तो होता दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत नेलेला स्टार्टर. भारतात पहाटे साडेचारचा गजर लावून खास त्याचं पिचिंग बघायला उठणाऱ्यांनी अशा वेळी बातमी आधी वाचलेली बरी.

स्टार्टरलाच ओपनरच्या हिशेबाने वागवलं तर काय होतं, त्याचा नमुना म्हणजे २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. पुन्हा कॅश, पुन्हा स्नेल. डॉजर्सकडून यादीत टोनी गोन्सोलिन, जो दुसऱ्याच इनिंगमध्ये बाहेर गेला. त्यांनी सात पिचर वापरले. इकडे स्नेल अफाट टाकत होता. सहाव्या इनिंगमध्ये एक आऊट, टॅम्पा बे १-० ने पुढे, नऊ स्ट्राइकआऊट आणि फक्त ७३ चेंडू. ऑस्टिन बार्न्सने हिट मारली, ती स्नेलविरुद्धची दुसरीच. पुढे मूकी बेट्स तिसऱ्यांदा येणार होता. कॅशने स्नेलला काढलं. बेट्सने नव्या पिचरला, निक अँडरसनला, डबल, म्हणजे दोन बेसची हिट, मारला. दोन रन झाले आणि सामना फिरला, ३-१ असा संपला आणि डॉजर्सनी सिरीज जिंकली. तिसऱ्या भेटीचा हिशेब सरासरीचा असतो, आणि बेट्ससह पुढचे तिघेही त्या रात्री स्नेलसमोर दोनदा स्ट्राइकआऊट झाले होते. तरीही माझा आक्षेप स्नेलला काढण्यापेक्षा अँडरसनला आणण्यावर आहे. आधीच्या सलग सहा सामन्यांत त्याने रन दिले होते.

आणि काही वेळा सुरुवात कोणी करायची हे पिचिंगवर ठरतच नाही. १ नोव्हेंबर २०२५, टोरोंटो, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. यादीत ओहतानी विरुद्ध मॅक्स शर्झर. ओहतानीने तीनच दिवसांच्या विश्रांतीवर टाकायचं म्हणजे तो लांब जाणार नाही, हे उघड होतं. मग त्याला मागाहून का नाही आणला? नियमामुळे. त्याने सामना सुरू केला तर पिचिंग संपल्यावरही तो बॅटिंगसाठी संघात राहू शकतो. मधूनच पिचर म्हणून आला असता तर नंतर त्याला बॅटिंगसाठी ठेवायला फील्डिंगला उभं करावं लागलं असतं. म्हणून पहिला चेंडू त्याचा. तिसऱ्या इनिंगमध्ये बो बिशेटने त्याला तीन रनचा होमरन ठोकला आणि ओहतानीचं पिचिंग तिथेच संपलं, बॅट मात्र शेवटपर्यंत संघात राहिली. डॉजर्स अकराव्या इनिंगमध्ये ५-४ ने जिंकले. विजय लागला योशिनोबू यामामोटोच्या नावावर, जो आदल्या रात्रीच्या यादीतला स्टार्टर होता आणि या रात्रीच्या यादीत कुठेच नव्हता.