स्वतःच्या गंधाची धास्ती : पार्श्वभूमी

अंगाला किंवा तोंडाला दुर्गंधी येते अशी खात्री बाळगणाऱ्या, पण तपासणीत काहीच न आढळणाऱ्या रुग्णांची वर्णने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिळतात. १९२० च्या दशकात अमेरिकेतील एका जंतुनाशकाच्या जाहिरातींनी लग्न न जमणारी तरुणी पुढे करून, मुखदुर्गंधी हा जिवलग मैत्रीणही सांगणार नाही असा दोष ठरवला. आजार जाहिरातींमुळे उद्भवला असे म्हणता येणार नाही. परंतु इतरांचे मौन हाच दोषाचा पुरावा, हा तर्क पुढे रुग्णांच्या तोंडी जसाच्या तसा भेटतो. समोरच्याने नाकाला हात लावला किंवा खिडकी उघडली, तरी ते आपल्यामुळेच असे त्यांना वाटते.

जपानमध्ये आपल्या वासाने दुसऱ्याला त्रास होईल ही भीती लोकांपुढे जाण्याच्या भयाचाच एक प्रकार मानली गेली. १९९९ मध्ये तिथल्या दंतवैद्यांनी खरी मुखदुर्गंधी, भासणारी मुखदुर्गंधी आणि तिचे भय असे तीन गट पाडले. विभागणी उपयुक्त होती, कारण असे रुग्ण बहुधा आधी दंतवैद्याकडेच जातात.

खरा वाद वर्गीकरणाचा. १९७१ मध्ये या विकाराला स्वतंत्र नाव मिळाले, तरी पुढची कित्येक वर्षे तो भ्रमविकारांतच, म्हणजे खोटी समजूत खरी मानून घट्ट धरण्याच्या विकारांतच, मोडत राहिला. ही जागा गैरसोयीची होती. सतत दात घासणे, पुन्हापुन्हा आंघोळ करणे, कपडे हुंगून पाहणे आणि घरच्यांना तेच तेच विचारणे ही वागणूक मंत्रचळाच्या, म्हणजे नकोशा शंकेपायी तीच कृती पुन्हापुन्हा करण्याच्या विकाराच्या, अधिक जवळची आहे. तरीही अनेकांची समजूत इतकी पक्की असते की तिला निव्वळ शंका म्हणणे अवघड जाते. प्रश्न केवळ कप्प्याचा नव्हता, कारण भ्रम मानल्यास उपचाराची सुरुवात एका प्रकारच्या औषधांनी होते आणि मंत्रचळ मानल्यास दुसऱ्या प्रकारच्या औषधांसोबत वर्तनोपचाराने. मानसिक विकारांच्या २०१३ च्या अमेरिकी वर्गीकरणाने त्याला जपानी नावाने मंत्रचळसदृश विकारांच्या ‘इतर’ यादीत बसवले, म्हणजे निर्णय अर्धाच घेतला. २०१९ मध्ये संमत होऊन २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने मात्र त्याच गटात स्वतंत्र निदान दिले, आणि रुग्णाला स्वतःच्या शंकेविषयी कितपत जाण आहे याची वेगळी नोंद करण्याची सोय ठेवली. त्यामुळे खात्री अढळ असली तरी निदान बदलावे लागत नाही.

विकार बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो. जुन्या नोंदींत पुरुषही पुष्कळ आहेत, त्यामुळे तो केवळ तरुणींचा मानणे घाईचे ठरेल.