एनडीएचा अर्ज: आधी जन्मतारीख बघा, बाकीचं नंतर

2012 च्या जानेवारीत लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह स्वतःच्या जन्मवर्षासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले होते. मॅट्रिकच्या दाखल्यावर 1951, पण शाळकरी वयात भरलेल्या एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, अर्जात 1950. फेब्रुवारीत त्यांनी याचिका मागे घेतली आणि 31 मे रोजी ते निवृत्त झाले. म्हणजे हिशेबाला धरलं गेलं ते 1950 च.

म्हणून मुलगा किंवा मुलगी अर्ज भरायला बसली की पालकांनी दहावीचा दाखला समोर ठेवावा. एनडीएची प्रवेश परीक्षा घेणारी यूपीएससी जन्मतारीख मानते ती त्यावरचीच. महापालिकेचा जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र, पत्रिका, यांतलं काहीही चालत नाही. एकदा नोंदवलेली तारीख पुढे बदलूनही मिळत नाही.

नावाचंही तसंच. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा शेवटी. अर्जात दहावीप्रमाणेच लिहा, आणि आधारमध्ये स्पेलिंग वेगळं असेल तर ते जाहिरात येण्याआधीच दुरुस्त करून घ्या. शेवटच्या आठवड्यात आधार केंद्राच्या रांगेत उभं राहण्यात शहाणपण नाही.

पात्रता सोपी आहे. उमेदवार अविवाहित हवा. बारावी उत्तीर्ण किंवा बारावीला बसलेला चालतो. लष्करासाठी शाखा कोणतीही, हवाई दल आणि नौदलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागतं. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, पण बोटांवर मोजू नका. जाहिरातीत दोन तारखा छापलेल्या असतात, जन्म त्यांच्या दरम्यानचा हवा. वयात सवलत कोणत्याच प्रवर्गाला नाही. मुलींची पहिली तुकडी 2022 मध्ये खडकवासल्यात दाखल झाली.

परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि अर्ज यूपीएससीच्या संकेतस्थळावर ऑनलाइनच भरायचा. शुल्क 100 रुपये. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना माफ. लेखी परीक्षा 900 गुणांची: गणित 300, सामान्य क्षमता 600. गणित इथे कला शाखेच्या मुलांनाही चुकत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळतं.

लेखीचा निकाल लागला की पेढे वाटण्याआधी एक काम करा. लष्कराला पहिली पसंती दिली असेल, तर निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत लष्कराच्या भरती संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. यूपीएससीकडे एकदा नोंदणी झाली आहे, मग पुन्हा कशाला, असं वाटून हे राहून जातं. ती केल्यावरच एसएसबीच्या, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या, मुलाखतीची तारीख मिळते.

एसएसबीही 900 गुणांचीच. साधारण पाच दिवस चालते, पण पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि त्यात गळालेले त्याच दिवशी घरी परततात. सोबत दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं न्या. बारावीचा निकाल लागायचा असेल, तर तो कोणत्या तारखेपर्यंत पोहोचवायचा हे जाहिरातीत दिलेलं असतं. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.