मनोजन्य हालचाल-विकार

कंप, झटके, हातपाय वाकडे होऊन आखडणे, चाल बिघडणे अशा अनैच्छिक हालचालींचा विकार. मेंदूची रचना बहुधा शाबूत असते, बिघाड तिच्या कार्यात असतो. म्हणून अलीकडे 'कार्यात्मक' हे विशेषण अधिक रूढ आहे. रुग्ण सोंग करत नसतो.

कारणांविषयी मतभेद जुने आहेत. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील झां-मार्तँ शार्को (१८२५–९३) यांनी हिस्टेरिया (अशा विकारांचे जुने नाव) हा मज्जासंस्थेचा, आनुवंशिक दौर्बल्यातून येणारा विकार मानला. त्यांचे शिष्य जोसेफ बाबिन्स्की यांच्या मते तो मनावर बिंबलेल्या सूचनेने जडतो आणि समजावणीने जातो. व्हिएन्नातील डॉक्टर ब्रॉयर व फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये दडपलेल्या भावनांचे शारीरिक लक्षणांत रूपांतर होते, असा सिद्धांत मांडला व तोच दीर्घकाळ टिकला. मात्र अनेक रुग्णांत भावना दडपायला लावणारा असा मानसिक आघात सापडत नाही. कित्येकदा साधी दुखापत किंवा आजारपण निमित्त ठरते. अमेरिकी मानसोपचार संघटनेने मनोविकारांच्या २०१३ च्या वर्गीकरणात निदानासाठीची मानसिक ताणाची अट काढून टाकली. शरीराकडे लागलेले लक्ष आणि मनातील अपेक्षा हालचालींच्या नियंत्रणात ढवळाढवळ करतात, हे आजचे मत तपासणीतील खुणांशी अधिक जुळते.

निदान या खुणांवरच करावे. एमआरआय नॉर्मल आला एवढ्यावर नव्हे. कंप असलेल्या रुग्णाला दुसऱ्या हाताने ठरावीक ठेक्यात टिचक्या मारायला सांगितल्यास कंप थांबतो किंवा तोच ठेका धरतो. पार्किन्सनच्या कंपात सहसा असे होत नाही. पायाच्या दुर्बलतेसाठी १९०८ मध्ये वर्णिलेली हूव्हर खूण उपयोगी पडते: सांगून टाच खाली दाबता येत नाही, पण दुसरा पाय प्रतिकाराविरुद्ध उचलताना तीच टाच आपोआप जोराने दाबली जाते. मज्जाविकारतज्ज्ञ फान व विल्यम्स यांनी १९८८ मध्ये निदानाच्या निश्चिततेच्या पायऱ्या आखल्या. पार्किन्सन व हा विकार एकाच रुग्णात असू शकतात, हे विसरू नये.

सातारा-सांगली भागात अशा रुग्णाला 'बाहेरचं झालंय' म्हणून देवऋषाकडे नेले जाते, तर दवाखान्यात 'काही झालेलं नाही' असे ऐकावे लागते. दोन्हींमुळे उपचार लांबतात. मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेत अंगात येते ते वेगळे: धार्मिक रूढीत बसणारी, प्रसंगापुरती येणारी व ओसरणारी अशी अवस्था आजार ठरत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर झटले.

उपचाराची सुरुवात निदान स्पष्ट सांगण्यापासून होते. हूव्हर खूण रुग्णाला आणि घरच्यांना दाखवावी. पायातली ताकद शाबूत आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसते. पुढे लक्ष दुसरीकडे वळवून हालचाल पुन्हा शिकवणारी फिजिओथेरपी आणि गरजेनुसार मानसोपचार. लक्षणे जुनी होण्याआधी निदान झाल्यास सुधारणेची शक्यता अधिक असते.