ईसीयू सदोष की वायरिंग? इंजिन-संगणकाच्या विद्युत तपासणीची पार्श्वभूमी

बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन-प्रणाली 1967 मध्ये फोक्सवॅगनच्या मोटारींत आली, तेव्हा तिच्या नियंत्रक पेटीला स्वतःच्या बिघाडाविषयी काहीही सांगता येत नव्हते. तिचे सर्किट अ‍ॅनालॉग होते आणि घडलेला दोष नोंदवून ठेवणारी स्मृती तिच्यात नव्हती. त्यामुळे तपासणी बाहेरूनच होई: प्रत्येक पिनवर मीटर लावून मिळालेला आकडा पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहायचा.

मायक्रोप्रोसेसर आल्यावर हे चित्र पालटले. 1979 च्या बीएमडब्ल्यू 732आयमध्ये बॉशच्या मोट्रॉनिक प्रणालीने इंधन आणि ठिणगी यांचे नियंत्रण एकाच संगणकाकडे, म्हणजे ईसीयूकडे, दिले, तर 1980 च्या दशकाच्या आरंभी जनरल मोटर्सच्या गाड्या डॅशबोर्डवरील दिव्याच्या उघडझापीतून बिघाडाचे कोड सांगू लागल्या. निदान-सॉकेटमधील दोन टोके तारेने जोडली, की दिवा आधी एकदा आणि थोड्या विरामानंतर दोनदा लुकलुके. हा कोड 12, म्हणजे इंजिन बंद असून निदानव्यवस्था चालू असल्याची खूण.

बिघाडाच्या कोडमागचे तर्कशास्त्र आजही तेच आहे. शीतकाच्या तापमान-सेन्सरला संगणक आपल्या आतील एका रोधकामधून 5 व्होल्ट देतो. तापमान वाढले की सेन्सरचा रोध घटतो आणि संगणकाला दिसणारे व्होल्टेज खाली येते. तार तुटली तर ते 5 व्होल्टच्या जवळ राहते, आणि इंजिन कितीही तापलेले असले तरी संगणकाला ते गोठलेले वाटते. तार अर्थला (बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या भागाला) शॉर्ट झाली तर याच्या नेमके उलटे होते. म्हणून सेन्सरचे कनेक्टर काढून आणि मग त्याच्या दोन तारा जोडून, दोन्ही वेळा संगणकाचे वाचन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते का हे पाहिले, की वायरिंग आणि संगणकाचे ते इनपुट निर्दोष असल्याचे कळते. संशय मग सेन्सरवर उरतो. माझ्या मते एवढी स्वस्त आणि एवढी निर्णायक दुसरी चाचणी नाही.

कॅलिफोर्नियाने 1988 च्या मॉडेलपासून स्व-निदान सक्तीचे केले ते प्रदूषण रोखण्यासाठी. दुरुस्तीची सोय हा त्याचा आनुषंगिक लाभ. अमेरिकेत 1996 च्या मॉडेलपासून ओबीडी-2 हे स्व-निदानाचे प्रमाणित रूप आले आणि 16 पिनांचे सॉकेट व सामाईक कोड रूढ झाले. वरच्या उदाहरणातील शॉर्ट आता पी0117 म्हणून आणि तुटलेली तार पी0118 म्हणून नोंदली जाते. कोड सर्किटकडे बोट दाखवतो, सुट्या भागाकडे नव्हे, हे मात्र कोड वाचणारा स्कॅनर हाती आल्यावर अनेकदा विसरले जाते, आणि महागडा ईसीयू विनाकारण बदलला जातो.

त्याच्या स्वतःच्या वीजपुरवठ्याचा दोष तर संगणकाला धडपणे ओळखताही येत नाही. अर्थच्या तारेतील एकच धागा शाबूत असला, तरी ओममीटर ती ठीक असल्याचे सांगतो, कारण तो तिच्यातून अत्यल्प प्रवाह पाठवतो. म्हणून बॅटरीचे ऋण टोक आणि ईसीयूची अर्थ-पिन यांच्यातील व्होल्टेज इंजिन चालू असताना मोजतात. ते साधारण 0.1 व्होल्टहून अधिक आढळले, तर आधी अर्थची जोडणी तपासायची.

गाडीतील संगणकांना दोन तारांनी एकमेकांशी जोडणारे, बॉशने 1986 मध्ये मांडलेले कॅन जाळे अमेरिकेत 2008 पासून ओबीडी-2 साठी अनिवार्य झाले आणि एक नवे मोजमाप रुळले. जाळ्याच्या दोन टोकांना 120 ओमचे रोधक असतात, त्यामुळे वीज बंद करून कॅनच्या दोन तारांमध्ये मोजल्यास सुमारे 60 ओम यायला हवेत. 120 आले तर एक रोधक मार्गाबाहेर गेलेला असतो, आणि अनेक गाड्यांत त्यांपैकी एक इंजिनाच्या ईसीयूतच बसवलेला असतो.