पटकथेची कॉपीराइट नोंदणी: अर्ज कोणी करायचा, कागद कोणते, आणि अर्ज अडकतो कुठे

पटकथा लिहून झाली की तिचा कॉपीराइट आपोआप लेखकाचा होतो. 1957च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. तरीही निर्मात्याला फाईल पाठवण्याआधी नोंदणी करून घ्यावी, कारण कलम 48नुसार नोंदवहीतली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य पुरावा, धरली जाते. स्क्रिप्टचं पाकीट स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवून न उघडता जपून ठेवण्याची जुनी युक्ती अजून चालू आहे. त्यात शिक्का पाकिटावर बसतो, आतल्या पानांवर नाही.

नुसती कल्पना नोंदवून संरक्षण मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने 1978 साली आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. म्हणून वन-लाइन किंवा अर्ध्या पानाचा कॉन्सेप्ट घेऊन घाई करू नये. सीनचा क्रम, पात्रं आणि संवाद असलेला पूर्ण ड्राफ्ट हातात आला की अर्ज करावा.

अर्ज कोण करू शकतं, कुठे करायचा

लेखक, हक्काचा मालक किंवा त्या हक्कात ज्याचा हितसंबंध आहे अशी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. वय, पदवी, आधीचा सिनेमा अशा अटी नाहीत. ठाण्यात किंवा बेलापूरला यासाठी ऑफिस नाही. अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात चक्कर मारू नये, तिथे पेटंट आणि ट्रेडमार्कचं काम चालतं. कॉपीराइट ऑफिस दिल्लीत द्वारकेला आहे आणि अर्ज त्यांच्या पोर्टलवर घरबसल्या होतो.

फॉर्म नमुना 14. वर्ग निवडताना 'लिटररी/ड्रॅमॅटिक' घ्यायचा, फी 500 रुपये. 'सिनेमॅटोग्राफ फिल्म' हा पर्याय तयार चित्रपटासाठी आहे आणि त्याची फी 5000 रुपये. सिनेमा करायचा आहे म्हणून तोच निवडला, तर पैसेही जातात आणि अर्जही चुकतो. एका अर्जात एकच कृती बसते, त्यामुळे गाण्याचे शब्द आणि चाल यांचे अर्ज वेगळे.

लेखक कोण, हा रकाना

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मराठी सिनेमात कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे हे नेहमीचंच. दाखल करत असलेल्या ड्राफ्टमध्ये ज्यांचं लेखन आहे त्या सगळ्यांची नावं, पत्ते आणि राष्ट्रीयत्व लेखकाच्या रकान्यात द्यायचं. मालक कोण आणि कोणाचा हक्क किती, हे पुढच्या वेगळ्या रकान्यात येतं. अर्ज एकाच्याच नावाने असेल तर बाकीच्यांचं सही-तारखेचं ना-हरकत पत्र जोडायचं, आणि त्यात पटकथेचं शीर्षक फॉर्ममध्ये आहे अक्षरशः तसंच हवं. फॉर्मवर 'खाडी' आणि पत्रात 'खाडीपलीकडे' असेल तर त्रुटी निघालीच म्हणून समजा.

एकांकिकेवरून पटकथा केली असेल तर आणखी जपावं. गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात स्पर्धेत झालेली एकांकिका बहुतेकदा तालमीत सगळ्यांनी मिळून घडवलेली असते, आणि कागदावर नाव एकाचंच. फॉर्मच्या दुसऱ्या भागात विचारतात: कृती मूळ आहे, भाषांतर आहे की रूपांतर? एकांकिका दुसऱ्याची असेल तर इथे 'मूळ' लिहू नये. रूपांतर लिहावं, मूळ लेखकाचं नाव द्यावं आणि त्याची लेखी परवानगी जोडावी. व्हॉट्सॲपवरचं 'कर की बिनधास्त' इथे पुरत नाही. कथा जुन्या लेखकाची असेल तर हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो. 1964 साली वारलेल्या लेखकाचं लेखन 1 जानेवारी 2025पासून खुलं झालं, तर 1970 साली वारलेल्या लेखकासाठी 2030 संपेपर्यंत वारसांकडे जावंच लागेल.

फाईल आणि कागद

पूर्ण स्क्रिप्टची पीडीएफ, अर्जदाराची स्कॅन केलेली सही, ओळखपत्र, लागू असतील ती ना-हरकत पत्रं, आणि वकिलामार्फत अर्ज असेल तर वकीलपत्र. स्क्रिप्ट जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये असेल तर पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झालाय का ते दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून बघा. नाहीतर दिल्लीत नुसती चिन्हं दिसतात. पानांना नंबर द्या. टोपणनावाने लिहीत असलात तरी अर्जात ओळखपत्रावरचंच नाव घाला. आधार गावाकडचा आणि राहणं घणसोलीत भाड्याने असेल, तर पत्रव्यवहारासाठी जिथे टपाल खरंच हातात पडतं तो पत्ता द्या.

अर्ज केल्यावर

पैसे भरले की डायरी नंबर, म्हणजे अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक, मिळतो. तो म्हणजे नोंदणी नव्हे, जरी निर्मात्यांपुढे तो तसा मिरवला जात असला तरी. त्यानंतर हरकतींसाठी किमान 30 दिवस थांबावं लागतं. हक्कावर दावा सांगणारं कोणी असेल तर त्याला अर्जाची नोटीस देणं ही अर्जदाराचीच जबाबदारी. मग छाननी होते आणि काही चुकलं असेल तर त्रुटीपत्र येतं. ते ईमेलच्या स्पॅममध्ये पडून राहिलं आणि दिलेली मुदत टळली की अर्ज बंद होऊ शकतो. आठवड्यातून एकदा पोर्टलवर स्थिती तपासावी.

मधल्या काळात स्क्रिप्ट बाहेर द्यायचीच असेल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन तिथे ऑनलाइन नोंद करता येते. ती नोंद तारखेचा पुरावा म्हणून उपयोगी, सरकारी नोंदणीची जागा ती घेत नाही. एनएफडीसीची (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची) स्क्रीनरायटर्स लॅब असो की गोव्याच्या फिल्म बाजारची, सहनिर्माते शोधण्यासाठीची को-प्रॉडक्शन मार्केट, तिथे पाठवण्याआधी निदान डायरी नंबर तरी हातात असावा.

निर्माता करार पुढे करेल तेव्हा त्यात मुदत आणि प्रदेश लिहिलेत का ते आधी बघा. कलम 19नुसार मुदत लिहिली नसेल तर हक्कांचं हस्तांतरण 5 वर्षांचं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं धरतात. निर्मात्याने एका वर्षात हक्क वापरले नाहीत तर ते संपतात, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. आणि छापील मसुद्यांत हे वेगळं बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं. तो परिच्छेद शोधून खोडायला सांगा, किंवा एकाऐवजी दोन वर्षं मान्य करून मोबदला वाढवून घ्या.